संकेतस्थळांवरील जाहिरात आणि आपला हापूस : विस्तृत प्रसिद्धी कोणी, केव्हा व किती करावी?

माल पिकविणे हे जसे शेतीचे काम आहे, तसेच पिकलेल्या मालास योग्य गिऱ्हाईक मिळवून देणे हेही शेतीचेच काम आहे. मोहोराचे रक्षण, फळांची काढणी, आढी लावण्याची पद्धत इत्यादी विषयांकडे आपल्या जिल्ह्यातील बागायतदार बारकाईने लक्ष पुरवितात. परंतु पेटी भरून झाल्यावर ती कोणाच्या घरी जावयाची, या प्रश्नाचा तितका सखोल विचार होत नाही. गेल्या काही वर्षांत देवगड, मालवण व वेंगुर्ले या तालुक्यांतील पुष्कळ बागायतदार घाऊक बाजाराबरोबरच थेट घरगुती गिऱ्हाइकांना पेट्या पाठवू लागले आहेत. त्याबरोबर एक नवा प्रश्न वारंवार विचारला जातो. तो असा की, बातम्यांच्या, क्रिकेटच्या किंवा हवामानाच्या संकेतस्थळांवर निरनिराळ्या जाहिराती झळकत असतात. तेथे आपल्या आंब्याची जाहिरात दिल्यास ती लाखो लोक पाहतील. मग आपण ती का देऊ नये?

प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर सर्वांना सारखे लागू पडणारे नाही. या जाहिरातीचे कार्य कसे चालते, तिजपासून लाभ कोणास होतो व कोणाचा पैसा व्यर्थ जातो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. ही जाहिरात म्हणजे काय?

जाहिरात ज्या पानावर छापली जाते त्या पानाचा विषय व जाहिरातीचा विषय एकच असला पाहिजे असे नाही. याचे उत्तम उदाहरण आपल्याच गावचे आहे. मालवण येथे जन्मलेले कै. जयंतराव साळगावकर यांनी १९७३ मध्ये 'कालनिर्णय' ही दिनदर्शिका सुरू केली. घरातील माणसे भिंतीवरील त्या पानाकडे जातात ती एकादशी, संकष्टी किंवा सुट्टीचा दिवस पाहण्यासाठी. जाहिरात पाहण्याचा त्यांचा मुळीच हेतू नसतो. तथापि तिथी पाहता पाहता त्याच कागदावरील जाहिरातही नजरेखालून जाते व वर्षभर जात राहते. आंगणेवाडीच्या जत्रेस लोक भराडीदेवीच्या दर्शनासाठी जातात. परंतु वाटेवर लावलेले फलकही त्यांच्या वाचनात येतातच. एस. टी.च्या गाडीवर रंगविलेल्या जाहिरातीचेही तत्त्व हेच होय.

संकेतस्थळांवरील चित्रमय जाहिरात ही याच जातीची आहे. १९९४ च्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील 'हॉटवायर्ड' या संकेतस्थळावर अशा आडव्या पट्टीच्या जाहिराती प्रथम झळकल्या. पुढे २००३ मध्ये गुगल कंपनीने 'ॲडसेन्स' ही योजना काढली. तीनुसार कोणताही लहानमोठा संकेतस्थळचालक आपल्या पानावरील काही जागा कंपनीच्या स्वाधीन करतो व तेथे दाखविलेल्या जाहिरातींच्या उत्पन्नातील वाटा त्यास मिळतो. अशा लक्षावधी संकेतस्थळांचे व मोबाइलवरील ॲपचे मिळून एक जाळे झालेले आहे. आचऱ्याच्या बागायतदाराने एका ठिकाणी जाहिरात नोंदविली, तर ती पुण्यातील गृहस्थास रेल्वेचे वेळापत्रक पाहताना, नाशिकच्या गृहिणीस पाककृती वाचताना किंवा ठाण्याच्या विद्यार्थ्यास क्रिकेटचा धावफलक पाहताना दिसू शकते.

जागेची किंमत लिलावाने ठरते. मालवण बंदरावर मासळीचा लिलाव होतो, तसाच हाही लिलाव असतो. भेद इतकाच की, तो वाचकाने पान उघडताच यंत्राद्वारे क्षणार्धात पार पडतो. आकारणीच्या मुख्य पद्धती दोन आहेत. पहिलीत जाहिरात एक हजार वेळा दाखविण्याचा दर असतो. दुसरीत जाहिरातीवर बोट ठेवून आपल्या पानावर येण्यास, म्हणजेच प्रत्येक क्लिकला दर असतो. या क्लिकला मराठीत टिचकी असे म्हणतात. पहिल्या पद्धतीत 'दिसली' या शब्दाचा अर्थही नीट समजून घ्यावा. प्रचलित मानकानुसार जाहिरातीचा निम्मा भाग किमान एक सेकंद पडद्यावर राहिला की ती दिसण्याजोगी झाली असे धरतात. वाचकाने ती खरोखर वाचली असा त्याचा अर्थ होत नाही.

२. परक्या पानाचा उपयोग कशात आहे?

जो मनुष्य स्वतःहून 'हापूस आंबा घरपोच' असे शब्द लिहून शोध घेतो, त्याला आंबा हवाच असतो. अशा मनुष्यासमोर आपले नाव येणे केव्हाही उत्तम. परंतु हंगामात त्याच शब्दांवर मोठे व्यापारी व घरपोच माल पुरविणाऱ्या बलाढ्य कंपन्या बोली लावीत असतात. त्यामुळे तेथील टिचकीचा दर लहान बागायतदारास परवडेलच असे नाही. याउलट धावफलक पाहणाऱ्या मनुष्याच्या मनात त्या क्षणी आंबा नसतो. म्हणून त्याच्यापुढे जाहिरात मांडणे पुष्कळ स्वस्त पडते.

आपले परंपरागत गिऱ्हाईक म्हणजे मुंबईचे चाकरमानी व त्यांच्या ओळखीची मंडळी. हे वर्तुळ विश्वासाचे असले तरी मर्यादित आहे. ज्या कुटुंबाचा कोकणाशी कसलाही संबंध नाही, त्याला आपल्या गावाचे नाव कळावे कसे? परक्या पानावरील जाहिरातीचा खरा उपयोग हाच आहे. ती अनोळखी मनुष्यास आपले नाव ऐकविते. ती मागणी लगेच आणीत नाही. मागणीसाठी जमीन तयार करते.

हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळांचा अपेक्षाभंग होतो. नाव कानावर पडणे ही एक गोष्ट आहे व पैसे भरून पेटी मागविणे ही दुसरी.

३. पाहणारे किती, मागणी करणारे किती?

हा भाग आकड्यांनी समजून घेणे इष्ट होय. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येक गटाने त्या जागी आपले स्वतःचे आकडे घालावे.

समजा, दहा बागायतदारांच्या एका गटास दोन डझनांच्या ६०० पेट्या थेट गिऱ्हाइकास विकावयाच्या आहेत. बांधणी, वाहतूक व नासाडी यांचा खर्च वजा जाता घाऊक बाजारापेक्षा पेटीमागे २०० रुपये अधिक सुटतात. म्हणजे सर्व पेट्या विकल्या गेल्यास जास्तीत जास्त अधिक लाभ १,२०,००० रुपये. गटाने त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे ३०,००० रुपये, जाहिरातीस काढून ठेवले. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर ५,४०० रुपये. ताजा आंबा स्वतः करमुक्त असल्यामुळे हा कर सामान्यतः वळता करून घेता येत नाही; म्हणून तो खर्चातच धरावा. एकूण खर्च ३५,४०० रुपये.

हजार वेळा दाखविण्याचा दर ४० रुपये धरल्यास ३०,००० रुपयांत जाहिरात ७,५०,००० वेळा दाखविली जाईल. आकडा ऐकण्यास मोठा वाटतो. परंतु अशा जाहिरातींवर टिचकी मारणारे शेकडा एकाहूनही कमी असतात, असाच सर्वसाधारण अनुभव आहे. हजारी ३ धरल्यास २,२५० टिचक्या होतील. आपल्या पानावर आलेल्या दर १०० मनुष्यांपैकी २ जणांनी मागणी नोंदविली, तर ४५ मागण्या झाल्या. प्रत्येकाने दोन पेट्या घेतल्यास ९० पेट्या, व त्यांवरील अधिक लाभ १८,००० रुपये. खर्च ३५,४०० रुपये. म्हणजे साडेसात लाख वेळा जाहिरात दाखवूनही १७,४०० रुपयांचे नुकसान!

आता दुसरी बाजू पाहू. खर्च तोच, दाखविण्याची संख्या तीच, टिचक्याही त्याच. मात्र गटाने पूर्वतयारी चांगली केल्यामुळे १०० पैकी २ ऐवजी ५ जणांनी मागणी केली. आता ११२ मागण्या, २२४ पेट्या व ४४,८०० रुपये लाभ झाला. खर्च वजा जाता ९,४०० रुपये शिल्लक राहिले. शिवाय या ११२ कुटुंबांपैकी निम्मी कुटुंबे जरी पुढील वर्षी स्वतःहून दूरध्वनी करून तितक्याच पेट्या मागवतील, तरी विना जाहिरात २२,४०० रुपयांचा लाभ होईल.

वरील उदाहरणात नफा-तोट्याची सीमारेषा ८९ मागण्यांवर, म्हणजे १०० टिचक्यांमागे सुमारे ४ मागण्यांवर आहे. यावरून जो निष्कर्ष निघतो तो असा : जाहिरात किती जणांनी पाहिली यापेक्षा आपल्या दाराशी आलेल्यांपैकी किती जण पेटी घेऊन गेले, यावर सर्व काही अवलंबून आहे. पाहणाऱ्यांची संख्या पैशाने विकत मिळते. पुढील पायरी मात्र आपल्या तयारीने चढावी लागते.

ज्या बागायतदाराकडे थेट विक्रीसाठी साठच पेट्या आहेत, त्याचा जास्तीत जास्त अधिक लाभ या हिशेबाने १२,००० रुपये होतो. त्याने विस्तृत जाहिरातीच्या मागे लागू नये. जुन्या गिऱ्हाइकांची यादी नीट ठेवणे, हंगामाच्या आरंभी प्रत्येकास व्हॉट्सॲपवर संदेश पाठविणे व समाधानी गिऱ्हाइकाकडून आणखी दोन नावे मिळविणे, हाच मार्ग त्यास किफायतशीर होय.

४. जाहिरातीपूर्वीची मशागत

नांगरट केल्यावाचून पेरणी करू नये, त्याप्रमाणे खालील गोष्टी सिद्ध झाल्याखेरीज जाहिरातीवर एक रुपयाही खर्च करू नये.

(अ) टिचकी मारल्यावर उघडणारे आपले पान मोबाइलवर त्वरित उघडले पाहिजे. त्यावर पेटीतील फळांची संख्या, फळाचे सरासरी वजन, वाहतुकीसह किंमत, कोणत्या शहरी किती दिवसांत पेटी पोहोचेल, व फळ खराब निघाल्यास काय भरपाई मिळेल, या पाच गोष्टी पहिल्याच दृष्टिक्षेपात दिसाव्यात. किमतीसाठी दूरध्वनी करण्यास सांगितले की अनोळखी गिऱ्हाईक बहुधा परत फिरते.

(आ) दूरध्वनी घेण्यास व संदेशास उत्तर देण्यास निश्चित मनुष्य नेमावा. काढणीच्या दिवसांत बागायतदार स्वतः झाडाखाली असतो. अशा वेळी घरातील शिकलेल्या मुलामुलींकडे हे काम सोपवावे.

(इ) माल जाहिरातीच्या बोलास उतरला पाहिजे. फळे नूतन झेल्याने देठासह काढावी, प्रतवारी करावी व योग्य पक्वतेचीच फळे भरावी. कोवळे फळ पेटीत गेल्यास ते पिकत नाही, सुरकुतते. आणि ज्या अनोळखी गिऱ्हाइकासाठी एवढा खर्च केला ते कायमचे तुटते. फळे पिकविण्यासाठी कॅल्शियम कार्बाइडचा वापर करण्यास कायद्याने बंदी आहे, हे सांगणे नकोच.

(ई) भौगोलिक मानांकनाची नोंदणी करावी. हापूसला हे मानांकन २०१८ मध्ये मिळाले असून त्यात सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांचा समावेश आहे. परंतु क्षेत्रास मानांकन मिळाले म्हणजे प्रत्येक बागायतदारास ते आपोआप वापरता येते असे नव्हे. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करून घ्यावी लागते.

५. क्षेत्र, काळ व पाने यांची निवड

विस्तृत प्रसिद्धी याचा अर्थ सरसकट प्रसिद्धी असा नव्हे. पाण्याचा पाट मोकळा सोडला तर ते ओहोळास मिळते. आळे करून घातले तर झाडास मिळते. जाहिरातीसही असे आळे घालण्याची सोय आहे, तिचा पुरेपूर उपयोग करावा.

क्षेत्र : ज्या शहरी आपली पेटी सुस्थितीत व ठरल्या मुदतीत पोहोचते, तीच शहरे निवडावी. जेथे पेटी पाठविताच येत नाही, तेथील लोकांस जाहिरात दाखविणे म्हणजे केवळ पैशाचा अपव्यय. पहिल्या वर्षी दोन किंवा तीन शहरांपुरतेच काम करावे.

काळ : जाहिरात फळाच्या मागे चालावी, पुढे धावू नये. गुढीपाडव्यास आंब्याची विचारणा सुरू होते, तर अनेक घरांत अक्षय तृतीयेपासून आंबा खाण्याचा प्रघात आहे. या सणांपूर्वी आठ-दहा दिवस जाहिरात देणे युक्त ठरते. मात्र त्या वेळी आपली फळे तयार असतील तरच. तसेच जाहिरात केव्हा बंद करावी याचेही भान हवे. २०२५ साली नैऋत्य मोसमी पाऊस २५ मे रोजीच देवगडपर्यंत येऊन ठेपला. अशा वर्षी उरलेल्या फळाची खात्री देता येत नाही. अवकाळी पाऊस, फळगळ किंवा फळमाशीचा उपद्रव यांमुळे माल कमी पडणार असे दिसताच त्याच दिवशी जाहिरात थांबवावी. ती थांबविण्यास एका मिनिटाचेही काम नसते. माल नसताना मागणी घेणे हे मागणी न मिळण्यापेक्षा अधिक हानिकारक होय.

पाने : कोणत्या विषयाच्या पानांवर जाहिरात दिसावी हे निवडता येते व कोठे दिसू नये हेही सांगता येते. बातम्या, हवामान, पाककृती, प्रवास व मराठी वाचन यांची पाने आरंभास योग्य. लहान मुलांचे खेळ असलेली ॲप पहिल्या दिवसापासून वगळावी. तेथे मूल खेळता खेळता चुकून जाहिरातीवर बोट ठेवते व आपल्या खात्यातून टिचकीचे पैसे जातात. आंबा मात्र कोणी मागवीत नाही. अश्लील अथवा तेढ माजविणाऱ्या मजकुराशेजारी आपले नाव येऊ नये, याचीही तजवीज करावी. जाहिरात कोणकोणत्या पानांवर दिसली याची यादी खात्यामध्ये उपलब्ध असते. ती दर आठवड्यास वाचून टिचक्या पुष्कळ पण मागणी शून्य, अशी पाने काढून टाकावी. विरळणी केल्याशिवाय रोपांना जोम येत नाही, तसाच हा प्रकार आहे.

पुनरावृत्ती : एकाच मनुष्यास दिवसातून किती वेळा जाहिरात दिसावी, यासही मर्यादा घालता येते. दोन-तीन वेळांपेक्षा अधिक दाखविल्यास तो कंटाळतो.

दैनिक खर्च : दिवसाच्या खर्चाची मर्यादा घालण्याची सोय गुगलच्या खात्यात आहे. परंतु एखाद्या दिवशी त्या मर्यादेच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो, व हिशेब महिन्याच्या सरासरीने जुळविला जातो. म्हणून पहिल्या आठवड्यात मर्यादा अल्प ठेवावी व खाते रोज तपासावे.

६. मजकूर व चित्र

मोबाइलच्या पडद्यावर जाहिरातीस मिळणारी जागा काडेपेटीएवढी असते, व वाचकाचे लक्ष अन्यत्र असते. म्हणून शब्द थोडे व अर्थ स्पष्ट असावा. नमुन्यादाखल पुढील मजकूर पाहावा :

'सिंधुदुर्गचा हापूस. आमच्या बागेतील, गवतात पिकविलेला. दोन डझनांची पेटी मुंबई व पुणे येथे घरपोच.'

यात कोणता माल, कोठला, कोणाचा, किती व कोठे मिळेल, हे सर्व आले. याउलट 'जगातील सर्वोत्कृष्ट', 'शंभर टक्के शुद्ध', 'अमुक रोगावर गुणकारी' असे शब्द वापरू नयेत. त्यांचा पुरावा आपणांस देता येत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकास दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 'गवतात पिकविलेला' हे शब्दही फळ खरोखरीच तसे पिकविले असेल तरच लिहावे.

चित्र आपल्याच बागेतील, आपल्याच फळाचे असावे. दुसऱ्याचे भडक रंगाचे चित्र उचलून वापरल्यास पेटी उघडणाऱ्या गिऱ्हाइकाची निराशा होते.

येथे मालवण तालुक्यातील बागायतदारांना एक गोष्ट आग्रहपूर्वक सांगावीशी वाटते. देवगडचे नाव अधिक प्रसिद्ध असल्यामुळे आपल्या फळासही तेच नाव लावण्याचा मोह होतो. तो टाळावा. परप्रांतातील फळ 'देवगड' म्हणून खपविले जाते अशी आपली तक्रार असते. तोच प्रकार आपण अल्प प्रमाणात केला, तर त्या तक्रारीतील बळ निघून जाते. सिंधुदुर्ग जिल्हा मानांकनात समाविष्ट आहे. आचऱ्याचा किंवा मसुऱ्याचा हापूस त्या त्या गावाच्या नावाने विकण्यास कोणतीच आडकाठी नाही. आज जे नाव अपरिचित आहे, तेच परिचित करून देण्यासाठी तर ही जाहिरात आहे.

७. नावाची जाहिरात व पेटीची जाहिरात

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा विवेक येथे करावयाचा आहे. विस्तृत जाहिरातीची कामे दोन आहेत. एक, खरा हापूस कोठला व तो ओळखावा कसा, हे लोकांना सांगणे. दुसरे, अमुक गटाची पेटी विकणे. पहिलीस नावाची जाहिरात व दुसरीस पेटीची जाहिरात म्हणू.

नावाच्या जाहिरातीचा लाभ सर्वांस होतो; ज्याने एक पैसाही दिला नाही त्यासही होतो. तिचा परिणाम पेट्यांत मोजता येत नाही व तो एका हंगामात दिसत नाही. म्हणून हा भार एकट्या बागायतदाराने अंगावर घेणे न्याय्यही नाही व शक्यही नाही. तो सहकारी संस्थांनी, संघांनी व पणन यंत्रणेने उचलावा. या दिशेने सांगण्यासारखी गोष्टही आता हाती आहे. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात प्रत्येक फळासाठी स्वतंत्र क्रमांक असलेल्या व काढून पुन्हा लावता न येणाऱ्या स्टिकरची योजना पुढे आणली. त्यायोगे फळ खरे की खोटे याची खातरजमा गिऱ्हाइकास स्वतः करता येते. परंतु अशी खूण असते हेच ज्यास ठाऊक नाही, तो ती पाहणार कशी? बातम्यांच्या व पाककृतींच्या पानांवर 'आंबा घेताना खूण पाहा' एवढेच सांगणारी जाहिरात लाखो लोकांपर्यंत पोहोचविणे, हे विस्तृत प्रसिद्धीचे सर्वांत योग्य कार्य होय. येथे टिचकी न मारणाऱ्या वाचकावर केलेला खर्चही वाया जात नाही. कारण पुढे बाजारात उभा असताना त्यास ती खूण आठवते.

पेटीची जाहिरात मात्र गटाने करावी, आळे घालून करावी व पेट्यांत मोजावी. संस्थेने विस्तृत क्षेत्रात नाव पसरवावे व गटाने मर्यादित शहरांत मागणी गोळा करावी, अशी विभागणी झाल्यास दोन्ही खर्च एकमेकांस पूरक ठरतात.

कोकम व काजू यांच्या बाबतीत एक सवलत आहे. ताजा आंबा पिकल्यावर चार-पाच दिवसांत खपला पाहिजे. अमसुले, आगळ व काजूगर हे टिकाऊ असल्याने त्यांच्यासाठी वर्षभर, थोड्या थोड्या खर्चाने प्रयोग करीत शिकता येते. ज्या गटास जाहिरातीचा अनुभव नाही, त्याने आरंभ अशा मालापासून करावा. मात्र प्रक्रिया केलेल्या पदार्थांस अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी किंवा परवाना आवश्यक आहे, हे विसरू नये.

८. फसवणुकीपासून सावधगिरी

हंगाम जवळ आला की 'तुमचा आंबा एक लाख लोकांना दाखवितो' असे सांगणारे लोक दूरध्वनी करू लागतात. त्यांच्याशी व्यवहार करण्यापूर्वी पुढील चार गोष्टी लेखी ठरवून घ्याव्या. जाहिरातीचे खाते गटाच्या स्वतःच्या नावे असावे. खर्चाची रक्कम गटाच्या बँक खात्यातून थेट जावी. जाहिरात कोठे दिसली याची यादी दर आठवड्यास मिळावी. करार संपताच खाते, चित्रे व गिऱ्हाइकांची यादी गटाकडे राहावी. यांपैकी एकाही गोष्टीस जो नकार देईल, त्याच्याशी व्यवहार करू नये.

बनावट टिचक्यांचा प्रकारही या व्यवसायात आहे. ज्या टिचक्या कंपनीच्या तपासणीत बनावट ठरतात, त्यांचे पैसे ती आकारीत नाही किंवा परत जमा करते. परंतु सर्वच पकडल्या जातात असे समजू नये. एखाद्या पानावरून एकाएकी टिचक्यांचा पूर आला व मागणी मात्र वाढली नाही, तर ते पान त्वरित वगळावे.

९. हंगामाअखेरचा हिशेब

प्रत्येक मागणी नोंदविताना 'आपणांस आमचे नाव कोठून कळले?' हा प्रश्न विचारून उत्तर वहीत लिहावे. हंगाम संपल्यावर जून महिन्यात गटाने एकत्र बसून पुढील पाच आकडे काढावे : करासह एकूण खर्च, एकूण टिचक्या, त्यांतून आलेल्या मागण्या, विकल्या गेलेल्या पेट्या, व भरपाई द्यावी लागलेल्या पेट्या. खर्चास मागण्यांनी भागले की एक गिऱ्हाईक मिळविण्यास काय पडले ते कळते. ही रक्कम त्या गिऱ्हाइकापासून मिळालेल्या अधिक लाभापेक्षा कमी असेल, तर पुढील वर्षी खर्च वाढविण्यास हरकत नाही. ती थोडी अधिक असेल व गिऱ्हाइके समाधानी असतील, तर आणखी एक हंगाम त्याच खर्चात वाट पाहावी. ती दुप्पट असेल, तर जाहिरात थांबवून दोष पानात आहे, किमतीत आहे की मालात आहे, हे प्रथम शोधावे.

बागेत खत घातल्यावर बागायतदार मोहोर किती आला हे पाहून थांबत नाही. फळ किती धरले हे पाहतो. जाहिरातीच्या बाबतीतही हीच दृष्टी ठेवावी. ज्या गटांना येत्या हंगामात हा प्रयोग करावयाचा असेल, त्यांनी दिवाळीनंतर लगेच सभा घेऊन पेट्यांची संख्या, शहरे व खर्चाची कमाल मर्यादा ठरवावी, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद नसलेल्या सभासदांचे अर्ज भरून घ्यावे, आणि मोहोर फुटण्यापूर्वी आपले पान तयार ठेवावे. कागदपत्रे व हिशेबाची वही यांबाबत साहाय्य हवे असल्यास आपल्या तालुक्याच्या कृषि कार्यालयाशी संपर्क साधावा.